खातं मायनस आहे, पण आधी फोनचे हप्ते भर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. मागच्या वर्षी अमरावतीहून बीएस्सी झाले. ॲडमिशनच्या वेळी कॉलेजातच एका खासगी बँकेनं टेबल मांडलं होतं. तिथं झीरो बॅलन्सचं स्टुडंट खातं उघडलं. वसतिगृहाचा निर्वाह भत्ता त्याच खात्यात यायचा. रिझल्ट लागल्यावर गावी आले, जुनं सिम बंद पडलं, आणि खात्याकडं पाहणंच झालं नाही. परवा भरतीच्या फॉर्मची फी भरायला गेले तर पैसे कटेनात. ईमेलवरचं स्टेटमेंट उघडलं तर शिल्लक मायनस ३,१८६, आणि वर ‘ओव्हरड्रॉन’ लिहिलेलं. मी एक रुपयाही जास्तीचा उचललेला नाही. फोनचे शेवटचे दोन हप्ते त्याच खात्यातून जायचे होते, तेही गेले नाहीत. भत्त्याचा एक हप्ता अजून यायचा आहे.

गावात एक जण म्हणाला, ‘बँकेचा पैसा हाये, पोलीस येतीन घरी.’ मैत्रीण म्हणते, सोडून दे, दुसरीकडं खातं काढ. बाबांना सांगितलेलं नाही. कापसाचा चुकारा आला आहे, त्यातले पाच हजार ते मला पुस्तकांसाठी देणार आहेत. ते गुपचूप बँकेत भरून मोकळी होऊ का? स्टेटमेंटची प्रत जोडली आहे. नाव छापू नका.

एक वाचक, जि. यवतमाळ

पोरी, ते पाच हजार त्या खात्यात भरू नकोस. भरलेस की त्यातले ३,१८६ तिथल्या तिथं कापले जातील आणि बँकेला जे घेण्याचा अधिकारच नव्हता तेही त्यात जाईल. कापून गेलेला पैसा परत काढणं फार जिकिरीचं असतं. शिवाय उरलेल्या अठराशेवर पुढच्या महिन्यात पुन्हा चार्ज बसेल, कारण तुझं खातं आता स्टुडंट खातं राहिलेलं नाही.

स्टेटमेंट जोडलंस हे फार बरं केलंस. बहुतेक पत्रांत नुसता शेवटचा आकडा असतो, आणि त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. मी तुझं स्टेटमेंट ओळीनं वाचलं. त्यात ३५४ रुपयांच्या सहा ओळी आहेत, दर महिन्याला एक. त्या मिनिमम बॅलन्स न ठेवल्याच्या: ३०० रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४. एक ओळ २३६ ची, ती डेबिट कार्डाची वार्षिक फी. दोन ओळी ५९० च्या, त्या फोनचे हप्ते परत गेल्याबद्दल बँकेनं लावलेला दंड. सगळे मिळून ३,५४०. तुझ्या खात्यात ३५४ रुपये पडून होते, ते पहिल्याच महिन्याच्या चार्जमध्ये गेले. त्यानंतरचा प्रत्येक रुपया शून्याच्या खाली लिहिला गेला.

आता या तीन प्रकारच्या ओळींना एकच माप लावू नकोस. यातल्या काही तू हक्कानं परत मागायच्या आहेत, काही विनंती करून मागायच्या आहेत, आणि ५९० च्या दोन ओळींकडं तर वेगळ्याच कारणानं लक्ष द्यायचं आहे. पत्रात तू फोनचे हप्ते एका वाक्यात उरकलेस. मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून तिथून सुरू करते.

बचत खातं चार्जमुळे मायनस होणं हे तू घेतलेलं कर्ज नाही. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकेपेक्षा जास्त पैसे उचलणं, ही मागून घ्यायची सोय असते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, सही करावी लागते, मर्यादा ठरते, व्याज ठरतं. तू असलं काही मागितलेलं नाहीस. त्यामुळे हा मायनस आकडा सहसा तुझ्या क्रेडिट रिपोर्टात, ज्याला सगळे सिबिल म्हणतात त्यात, जात नाही आणि त्यासाठी पोलीस तुझ्या दारात येत नाहीत. फोन मात्र तू कर्जावर घेतलेला आहेस. फायनान्स कंपनीनं दुकानदाराला पैसे दिले आणि तू ते हप्त्यानं फेडते आहेस. ते दोन हप्ते चुकले की कंपनी तशी नोंद करते. उद्या तुला बीएडसाठी शैक्षणिक कर्ज लागलं किंवा शेळीपालनासाठी बँकेकडं जावं लागलं, तर साहेब आधी तोच रिपोर्ट उघडून बघतील.

पोलिसांची जी गोष्ट गावात फिरते, तिचं मूळही इथंच आहे. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यानं परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली तो चेक बाउन्ससारखा गुन्हा ठरू शकतो. पण त्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तू पैसे भरलेस तर विषय तिथंच संपतो. हे तुला घाबरवायला सांगत नाही. खरं काय ते माहीत असलं की कुणाच्याही बोलण्यानं झोप उडत नाही. मात्र घरी असा कागद आला तर तो पेटीत ठेवून देऊ नकोस.

म्हणून चुकाऱ्यातल्या पैशाचा पहिला मान फोनच्या हप्त्यांना. हे पैसे त्या मायनस खात्यातून वळवायचे नाहीत. थेट कंपनीच्या अधिकृत ॲपवर किंवा जिथून फोन घेतला तिथं चौकशी करून कंपनीच्या केंद्रावर भर. भरण्याआधी हिशेब मागून घे: मूळ हप्ते किती, त्यांचा दंड किती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर कर्जाच्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हिशेबात तसं दिसलं तर लेखी विचार. हप्त्याचा आकडा तू लिहिला नाहीस, म्हणून पाच हजारांत दोन्ही बसतील की नाही ते मला सांगता येत नाही. नाही बसले तर एक तरी लगेच भर आणि दुसऱ्याची तारीख त्यांच्याकडून लिहून घे. वसुलीचे फोन येत असतील तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करायची परवानगी नाही, हेही लक्षात ठेव.

सगळं फिटलं की नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घे आणि बँक खात्यावरचा हप्ता आपोआप कापायचा आदेश रद्द केल्याचं लिहून घे. तो आदेश तसाच जिवंत राहिला आणि चुकून पुन्हा एकदा मागणी गेली तर आणखी एक ५९० ची ओळ पडेल. महिनाभरानं स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघ. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. पैसे मागणाऱ्या दुसऱ्या कुठल्या ॲपवर जाऊ नकोस.

दुसरी घाई भत्त्याची. महाडीबीटीवरून, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, येणारा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात पडतो. तुझं आधार अजून त्या मायनस खात्यालाच जोडलेलं असणार. भत्ता तिथं आला की बँकेची थकलेली रक्कम आधी वळती होईल आणि तुला उरलेलं मिळेल. हा पैसा तुझ्या राहण्या-जेवण्यासाठी शासनानं दिलेला आहे, तो कार्डाच्या फीमध्ये जाऊ देऊ नकोस. तेव्हा बँकेशी पत्रव्यवहार सुरू करायच्याही आधी गावाजवळ नवं खातं उघड आणि आधार तिथं वळव.

खातं उघडताना फॉर्म भरून देणाऱ्याला स्पष्ट सांग, मला बेसिक बचत खातं हवं आहे. जनधन हा त्याचाच एक प्रकार. या खात्याला मिनिमम बॅलन्स नाही, डेबिट कार्ड फुकट असतं आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढायला काही लागत नाही. अट एवढीच की त्याच बँकेत तुझं दुसरं बचत खातं असायला नको. तालुक्याला जायचं नसेल तर पोस्टमनला विचार. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, आणि तिचं साधं बचत खातं शून्य शिलकीवर पोस्टमन घरी येऊन उघडून देतो. काही मोठ्या सरकारी बँकांनी तर साध्या बचत खात्यावरचा मिनिमम बॅलन्सचा दंडच काढून टाकला आहे: स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये, कॅनरा बँकेनं १ जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल बँकेनं १ जुलै २०२५ पासून. दारव्ह्याला ज्या बँकेची शाखा तुला सोयीची, तिथं चौकशी कर. ग्रामीण बँकेत जायचं ठरलं तर एक ध्यानात ठेव. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आहे. जुन्या पासबुकावरून कोड उतरवून कुठल्या फॉर्मवर लिहू नकोस, शाखेतून आयएफएससी तपासून घे.

नव्या शाखेत खातं उघडताना आधार जोडण्याचा वेगळा फॉर्म मागून घे आणि ‘डीबीटीसाठी’ असं त्यावर नीट लिही. डीबीटी म्हणजे शासनाचा पैसा थेट खात्यात येणं. नुसतं केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार दिलं म्हणजे भत्ता तिथं येईल असं होत नाही. आठवड्याभरानं माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघता येतं. तिथं नव्या बँकेचं नाव दिसलं की भत्त्याची काळजी मिटली.

आता बँकेशी भांडण. भांडण म्हणते खरी, पण ते कागदावर करायचं आहे, आवाज चढवून नाही. मी बँकेच्या काउंटरमागं नोकरी केली आहे. तोंडी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘सिस्टिमनं कापलंय’ एवढं सांगून वाटेला लावता येतं. नियमाचा उल्लेख असलेला अर्ज समोर ठेवला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मागितला, की तोच कर्मचारी अर्ज घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो.

तुझ्या बाजूचा नियम असा. रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१४ ला परिपत्रक काढलं, त्यातला नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. मिनिमम बॅलन्स कमी पडला तर बँकेनं आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं आणि शिल्लक भरून काढायला एक महिना द्यायचा. चार्ज जेवढी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात हवा. आणि तुझ्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट: केवळ मिनिमम बॅलन्सच्या चार्जमुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये.

हे तुझ्या स्टेटमेंटवर धरून बघ. पहिले ३५४ शिल्लक होती त्यातून गेले. पुढच्या पाच महिन्यांचे ३५४ शून्याखाली लिहिले, ते झाले १,७७०. हे पैसे या नियमाविरुद्ध लावलेले आहेत आणि ते तू हक्कानं उलटवून मागायचे. पहिल्या ३५४ चं तसं नाही. तिथं प्रश्न पूर्वसूचनेचा आहे. बँक म्हणेल, आम्ही एसएमएस पाठवला होता. तुझं सिम बंद होतं हा बँकेचा दोष नाही, नंबर बदलल्याचं कळवणं तुझ्याकडं होतं. पण स्टेटमेंट तुझ्या ईमेलवर येतं, म्हणजे ईमेल त्यांच्याकडं आहे. आज इनबॉक्समध्ये बँकेचं नाव टाकून शोध. खात्याचा प्रकार बदलत असल्याची किंवा शिल्लक कमी असल्याची मेल सापडली तर तारीख बघ. सापडली नाही तर अर्जात लिही की सूचना दिल्याचा पुरावा द्या, नाहीतर हे ३५४ ही परत करा. मेल सापडली तर मात्र ही मागणी सोडून दे. खोटं लिहिलेला अर्ज पुढं आपल्याच अंगावर येतो.

कार्डाचे २३६ आणि हप्ते परत गेल्याचे १,१८० बँक लावू शकते. ते माफ करावेत अशी विनंती कर, नियमाचा आधार घेऊ नकोस. पहिल्यांदाच अडचण आलेल्या विद्यार्थ्याला मॅनेजर कधी कधी यातलं काही सोडतात, कधी सोडत नाहीत. न सोडल्यास ते भरायची तयारी ठेव. १,७७० उलटले तर खातं मायनस १,४१६ वर येतं. सूचनेचे ३५४ ही मिळाले तर मायनस १,०६२. तुला शेवटी भरावी लागणारी रक्कम यांच्या आसपास असेल.

अर्ज मराठीत लिही. इंग्रजीतच हवा असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मजकूर असा ठेव:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. माझे वरील क्रमांकाचे बचत खाते विद्यार्थी खाते म्हणून उघडलेले होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते साध्या खात्यात बदलले गेले व मिनिमम बॅलन्स नसल्याबद्दल सोबतच्या स्टेटमेंटनुसार सहा वेळा प्रत्येकी ३५४ रुपये आकारले गेले. त्यापैकी पाच वेळच्या आकारणीमुळे खाते ऋण झाले आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार केवळ या चार्जमुळे खाते ऋण होऊ नये. तरी १,७७० रुपये जमा करावेत. पहिल्या आकारणीपूर्वी मला सूचना दिल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा तेही ३५४ रुपये परत करावेत. डेबिट कार्ड फी व हप्ता परत गेल्याचा चार्ज सहानुभूतीने माफ करावा ही विनंती. यापुढे खात्यावर मिनिमम बॅलन्सचा चार्ज लावू नये. हिशेब पूर्ण झाल्यावर मला खाते बंद करायचे आहे.’

खाली तारीख, सही, चालू मोबाइल नंबर.

यासाठी अमरावतीची एसटी धरून दिवस मोडायची गरज नाही. शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा जो पत्ता दिलेला असतो त्यालाही प्रत दे. कागद पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टनं पाठव. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच सामावलं आहे. पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेव. आणि एक कळकळीचं सांगणं: कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नकोस. तिथं ठगांनी पेरलेले नंबर असतात. कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला नंबर तेवढा खरा. ‘चार्ज परत करतो, ओटीपी सांगा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० वर कळव.

अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर तक्रार भरता येते आणि १४४४८ या नंबरवर मराठीतही माहिती मिळते. फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडं लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. म्हणूनच त्या पावतीबद्दल एवढं सांगते आहे.

हे झालं कसं, तेही समजून घे, कारण तुझ्या मागं त्याच कॉलेजातून दरवर्षी मुलं-मुली गावी परत येतात. टेबलवर ‘झीरो बॅलन्स’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं. कोर्स संपला किंवा ठरावीक वय झालं की ते साधं खातं होतं, हे फॉर्मच्या आतल्या पानावर असतं. त्यातून तुझी शाखा अमरावतीची. बँका मिनिमम बॅलन्स ठरवताना शाखा कुठं आहे ते बघतात. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत १० हजारांच्या आत लोकसंख्या असलेलं ठिकाण ग्रामीण, १ लाखाच्या आत निमशहरी, १० लाखांच्या आत शहरी. अमरावती २०११ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या घरात होती, म्हणजे शहरी. तू राहतेस खेड्यात आणि तुझ्या खात्याला दर शहराचा.

आणि मिनिमम बॅलन्स म्हणजे महिन्याअखेरीस दाखवायची रक्कम असं आपल्याकडं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागतात. सरासरी ५,००० हवी असेल तर १५,००० दहा दिवस राहिले तरी चालतं. पण ३० तारखेला ५,००० भरले तर सरासरी येते १६६ रुपये आणि काही पैसे. चुकारा आला की एकदम भरायचा आणि आठवड्यात बी-बियाण्याच्या उधारीला काढायचा, अशा घरात हे गणित नेहमीच अंगावर येतं. आपल्या भागातल्या माणसानं सरासरीच्या भानगडीचं खातं ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मैत्रिणीचं ‘सोडून दे’ यातलं नवं खातं काढण्यापुरतं ऐक. जुनं तसंच टाकून देऊ नकोस. दोन वर्षं तू स्वतः एकही व्यवहार केला नाहीस तर खातं निष्क्रिय ठरतं आणि मग त्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही, हे खरं. पण तोपर्यंत ओळी पडत राहतील, आणि त्याच बँकेत पुढं कधी नोकरीचं पगार खातं उघडायची वेळ आली तर हा जुना आकडा समोर येईल. कुणी सुचवेल की जनधनवर दहा हजारांचा ओव्हरड्राफ्ट मिळतो, तो काढून हे भर. ती सोय आहे, खातं निदान सहा महिने नीट चालवलेलं असावं लागतं. पण ते व्याजाचं कर्ज आहे. चार्ज फेडायला कर्ज काढू नकोस.

जुनं सिम बंद झालं आहे त्याचीही दखल घे. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. तुझ्या खात्याचे ओटीपी परक्याच्या फोनवर जायला नकोत. खातं बंद व्हायला वेळ लागणार असेल तर त्या बँकेची जी शाखा जवळ पडेल तिथं आधार घेऊन जा आणि नंबर बदलून घे.

आता बाबांचं. गुपचूप हा शब्द मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त टोचला. तू पैसे उडवलेले नाहीस, कुणाला फसवलेलं नाहीस. घरात शिकलेली तूच, आणि बँकेचं तुलाच कळलं नाही असं वाटेल, ही लाज मी समजू शकते. पण वर्षभर पऱ्हाटीत राबून आलेल्या पैशाचा वेगळा हिशेब त्यांना सांगत राहिलीस तर पुस्तकं कुठं आहेत हा प्रश्न महिन्याभरात येईलच. त्यांना स्टेटमेंट दाखव. म्हण, बाबा, फोनचे दोन हप्ते राहिलेत ते आधी भरू, बँकेनं लावलेले बरेच पैसे परत मागता येतात, अर्ज लिहिलाय. रागावले तर रागावू दे. संध्याकाळी त्याच कागदावर त्यांनीच बोट ठेवून विचारलं, ‘हे कायचं कापलं?’, तर मला नवल वाटणार नाही.

तेव्हा लागलीच त्यांचंही पासबुक घेऊन बस. एन्ट्री मारून आणा आणि ओळीनं वाचा. जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दरवर्षी मेच्या अखेरीस कापतात. नेमका तोच काळ पेरणीच्या तयारीचा, आणि खातं कोरडं असतं. शिल्लक नसली तर १ जूनपासूनचं विमा संरक्षण मिळत नाही, आणि घरात कुणाला कळतही नाही. चुकाऱ्यातले पाचशे रुपये त्या खात्यात मेपर्यंत हलवायचे नाहीत असं आत्ताच ठरवून टाका.

बँकेचं उत्तर येऊन हिशेब जुळला की उरलेली रक्कम भर आणि त्याच दिवशी खातं बंद करण्याचा अर्ज दे. त्याआधी चार गोष्टी झालेल्या असू देत: फोनचा हप्ता-आदेश रद्द, यूपीआयमधून ते खातं काढलेलं, आधार नव्या खात्याला, आणि अगदी पहिल्या वर्षापासूनचं स्टेटमेंट उतरवून ठेवलेलं. भत्त्याच्या जुन्या हप्त्यांबद्दल कॉलेजनं किंवा समाजकल्याणनं कधी विचारलं तर तेच दाखवावं लागेल. कार्ड आणि चेकबुक परत दे, आणि खातं बंद झाल्याचं पत्र शून्य शिलकेच्या शेवटच्या स्टेटमेंटसह मागून घे.

तीस दिवस उलटून उत्तर आलं नाही, तर अर्जाची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती मला पाठव. लोकपालाकडच्या तक्रारीचा मजकूर मी लिहून देईन.